उपवास आणि उपासमार : घरातील अन्नटंचाई मोजावी कशी?

धान्याचा व्यापार करणाऱ्या माणसास वजनमापाचे ज्ञान असते, असे सर्वत्र मानले जाते. आम्हांसही तो अभिमान होता. पोत्यात हात घालून ज्वारीचा ओलावा ओळखावा, दाणा दाताखाली धरून त्याची प्रत सांगावी, यांत आमची चाळीस वर्षे गेली. परंतु एखाद्या घरात अन्न पुरेसे आहे की नाही, हे मोजण्याचे माप आमच्यापाशी नव्हते, ही जाणीव आम्हांस फार उशिरा झाली. ती कशी झाली, हे सभासद बंधुभगिनींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या दुकानी वीस वर्षे पोती वाहणारा एक हमाल गेल्या पावसाळ्यात भोवळ येऊन पडला. चौकशीअंती कळले की, पत्नीच्या आजारपणात त्यास कर्ज झाले होते. शिधापत्रिकेवरील तांदूळ घरी येत होता. पण महिन्याच्या उत्तरार्धात डाळ, तेल व भाजी बंद होत असे. ज्याच्या खांद्यावर दिवसभर गहू, तो उपाशी कसा राहील, असे आम्ही मानून चाललो होतो. आपल्या संघाच्या धान्यवाटपाच्या यादीतही त्याचे नाव नव्हते. कारण जो मागावयास येतो त्याचेच नाव यादीत चढते, आणि हा मानी मनुष्य कधी मागावयास आला नाही.

अन्नाची उणीव मोजण्याचे प्रयत्न आपल्या देशात जुने आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात माणशी दररोज २२५० कॅलरींचे अन्न किमान मानले होते. हे माप उपयुक्त खरे. पण घरात आलेले धान्य कोणाच्या ताटात किती पडले, हे त्यावरून कळत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने पुढे निराळी वाट धरली. २०१४ सालापासून सुमारे १५० देशांत तिने लोकांस आठ साधे प्रश्न विचारण्याची पद्धत सुरू केली. गेल्या बारा महिन्यांत पैशाअभावी किंवा अन्य साधनांअभावी अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली काय? सकस अन्न मिळाले नाही असे झाले काय? तेच ते मोजके पदार्थ खावे लागले काय? एखादे जेवण टाळावे लागले काय? हवे त्याहून कमी खाल्ले काय? घरातील अन्न संपले काय? भूक असून जेवला नाहीत असे घडले काय? आणि शेवटी, सारा दिवस अन्नावाचून काढला काय?

यांतील ‘पैशाअभावी’ हा शब्द आपण विशेष ध्यानात घ्यावा. पर्युषण पर्वात आपल्या घरी उपवास होतात, कोणी ऊनोदरीचा नियम घेतो. अन्न समोर असता हात आवरणे हे तप होय. अन्नच नसल्याने हात आवरावा लागणे ही उपासमार होय. दोहोंची गल्लत होता कामा नये.

आमच्या सूनबाईंनी हे प्रश्न त्या हमालाच्या पत्नीस विचारले. पहिल्या सहा प्रश्नांस तिने ‘होय’ म्हटले. सातव्यास ती थोडी थांबली व म्हणाली, “पोरांना वाढून झाल्यावर मला भूकच राहायची नाही, वहिनी.” हे उत्तर होकाराचे की नकाराचे, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

कारणे पाहू गेल्यास धान्याचा तुटवडा हे त्यांपैकी केवळ एक ठरते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात भावांपुढे मजुरांची व मासेमाऱ्यांची खरेदीची शक्ती कशी खचली, हे अमर्त्य सेन यांनी आपल्या १९८१ सालच्या ग्रंथात दाखविले आहे. तेजीच्या आशेने माल दाबून ठेवणाऱ्यांचा अशा वेळी केवढा वाटा असतो, हे आपण व्यापाऱ्यांनी प्रांजळपणे कबूल करावे. याखेरीज अनियमित रोजी, आजारपण, कर्ज, स्थलांतर, शिधापत्रिकेत नाव नसणे आणि घरच्या स्त्रीने सर्वांमागून जेवणे, ही कारणे आहेतच. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य गटातील कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्याचा आधार मोठा. परंतु दिवसाचा हिशेब केल्यास ते सुमारे १६७ ग्रॅम भरते. शिवाय पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नव्हे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. पुढील धान्यवाटपापूर्वी संघाच्या महिला सभासदांनी पेठेतील हमाल व तोलारांच्या घरी जाऊन हे आठ प्रश्न आपुलकीने विचारावेत. पावसाळ्यात एकदा व सुगीनंतर एकदा. उत्तरांची खतावणी गुप्त ठेवावी. वाटपात तांदळाबरोबर तूरडाळ व तेल द्यावे. आजारपणात बिनव्याजी उचल देण्याचा नियम आम्ही आमच्या दुकानी सुरू केला आहे. इतरांनीही तो करावा.

तो हमाल आता पुन्हा कामावर येतो. त्याचे नाव यादीत आले आहे, पण वीस वर्षे उशिरा आले. ही चूक आमची आहे, आणि ती सुधारणे आपणा सर्वांच्या हाती आहे.