अंगठा घेत नाही

२०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी-हिंगोलीकडं असा पाऊस झाला की शेंगा धरलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. पंचनामे झाले. ३३ टक्क्यांवर नुकसान दिसलं की नाव भरपाईच्या यादीत. यादी गावात आली तोवर थंडी पडली होती, आणि ज्यांचं सोयाबीन वाचलं होतं त्यांनी ते विकूनही टाकलं होतं.

यादीत नावापुढं विशिष्ट क्रमांक असतो. सगळे त्याला व्हीके नंबर म्हणतात. त्या नंबरवर सेवा केंद्रात आधारनं ओळख पटवून पावती घ्यायची, मग पैसे. त्या आठवड्यात पारावर कुणी कुणाला रामराम घालत नव्हतं, थेट "व्हीके आला का?"

आईचा नंबर चिठ्ठीवर उतरवून तिला घेऊन सेवा केंद्रात गेलो. दहा बाय दहाचा गाळा, लॅपटॉप, प्रिंटर, बोट ठेवायचं छोटं यंत्र आणि बाहेर बाकावर पंधराएक माणसं. सर्व्हर सकाळपासून बंद. एकाच्या वडिलांचं नाव यादीत होतं, पण वडील जाऊन दोन वर्षं झालेली आणि वारसाचा फेरफार अजून व्हायचा. तो पावती दुसऱ्या कुणाच्या अंगठ्यावर निघते का म्हणून विचारून पाहत होता. निघत नाही.

अडीच वाजता सर्व्हर आला. पडद्यावर आईचं नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र एक हेक्टर वीस आर, जिरायत. हेक्टरी १३,६०० प्रमाणे १६,३२० रुपये.

केंद्रातल्या पोरानं विचारलं, "पटतंय का मावशी? नसंल पटत तर तक्रार टाकतो."

तक्रार टाकली की प्रकरण परत तहसीलला जाणार, मग पैसे कधी ते कुणी सांगावं? माझ्यादेखत तरी तक्रारीचं बटण कुणी दाबलं नाही. आईनंही मान हलवली.

मग अंगठा. आईचा कापूस वेचणीचा महिना चालू होता. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांना दिवसभर ओरबाडत असतात, त्यात खुरप्यानं पडलेले घट्टे. पहिल्यांदा लाल. पोरानं ओल्या फडक्यानं अंगठा पुसला. लाल. टेबलाखालून खोबरेलाची बाटली काढली, थेंबभर चोळलं, पुन्हा पुसलं. लाल. "दुसरं बोट द्या. दाबू नका, नुसतं ठेवा." आई मात्र कागदावर अंगठा उठवताना दाबावा तसं दाबत होती. आधारला चालू मोबाइल जोडलेला असता तर ओटीपीवर भागलं असतं. जोडलेला नंबर होता बंद पडलेल्या सिमचा. डाव्या हाताच्या अनामिकेनं सातव्या खेपेला हिरवा दिवा लावला. ते बोट कामात सगळ्यात कमी येतं, म्हणून त्याच्या रेघा शाबूत. पावती छापून निघाली, आईनं ती घडी घालून पिशवीत ठेवली.

पैसे आले नाहीत. शेजारच्यांचे आले, भावकीतल्यांचे आले. पासबुक भरून आणलं, कोरं. तहसीलच्या तीन चकरा झाल्या. दर वेळी एकच उत्तर: आमच्याकडून गेलेत. मला ती टोलवाटोलवी वाटली, दोन शब्द बोलूनही आलो. पण खरंच गेले होते. हे पैसे पासबुकावरच्या नंबरला जात नाहीत, आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं त्याला जातात. आईनं गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी दुसऱ्या बँकेत खातं काढलं होतं आणि विसरली होती. त्या खात्यात १६,३२० रुपये अकरा दिवसांपासून पडून होते.

यादीत नाव आहे, पावती आहे आणि पैसे दिसत नाहीत, असं झालं तर तलाठ्याला गाठण्याआधी बँकेत जाऊन एवढंच विचारा: आधार कुठल्या खात्याला जोडलंय?