मूत्रपिंडाचा कर्करोग: गोळी नेमकी कुठे काम करते?

‘किडनीच्या कॅन्सरला केमो का नाही, नुसत्या गोळ्या का?’ असे नातेवाईक हमखास विचारतात. नेहमीच्या केमोथेरपीला हा कर्करोग सहसा दाद देत नाही. त्याची वाढ वेगळ्या कारणाने होते.

मूत्रपिंडाच्या दर 10 कर्करोगांपैकी साधारण 7 ते 8 ‘क्लिअर सेल’ प्रकारचे असतात. त्यातल्या बहुतेकांत व्हीएचएल हे जनुक बिघडलेले असते. एरवी ऑक्सिजन कमी पडला की पेशीत हिफ नावाची प्रथिने साठतात आणि नव्या रक्तवाहिन्या तयार करण्याचा संदेश देतात. ऑक्सिजन पुरेसा असेल तर व्हीएचएलमुळे ती नष्ट होतात. व्हीएचएल बिघडले की ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी ‘कमी पडतोय’ अशी ओरड करत राहते. व्हीईजीएफ हे प्रथिन भरमसाट तयार होते, गाठीभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे विणले जाते. पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल मिळाले.

सुनिटिनिब, पॅझोपॅनिब, कॅबोझँटिनिब या गोळ्या व्हीईजीएफचा संदेश अडवतात. बेल्झुटिफॅन त्याआधीच, हिफवर काम करते. पसरलेल्या आजारात इम्युनोथेरपीची इंजेक्शनेही बऱ्याचदा जोडीला देतात. गाठ मूत्रपिंडापुरतीच असेल तर मात्र शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार.

आता घरच्यांनी लक्ष द्यायचा भाग. व्हीईजीएफची गरज निरोगी रक्तवाहिन्यांनाही असते. म्हणून ते अडवणाऱ्या गोळ्यांनी बीपी वाढते, अगदी पहिल्या काही आठवड्यांतही. ‘औषध सोसत नाही’ म्हणून काही जण गोळी परस्पर बंद करतात. तसे करू नका. घरी बीपी मोजून वहीत लिहा आणि कॅन्सरतज्ज्ञांना दाखवा. बीपीचे औषध सुरू करून किंवा डोस बदलून बहुतेक वेळा उपचार चालू ठेवता येतात. जुलाब, तळहात-तळपाय सोलवटणे, थायरॉइड मंदावणे हेही होऊ शकते. बेल्झुटिफॅनने हिमोग्लोबिन उतरते, कारण रक्त तयार करण्याचा संदेशही हिफच देते. डोके असह्य दुखले, छातीत दुखले किंवा धाप लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.

‘मुलांनाही होईल का?’ जनुक बिघडते ते बहुधा फक्त गाठीतल्या पेशींत. ते वारशाने येत नाही. पण आजार कमी वयात झाला असेल, दोन्ही मूत्रपिंडांत गाठी असतील किंवा नात्यात मूत्रपिंड, मेंदू वा डोळ्याच्या पडद्यावर गाठी झाल्या असतील, तर जनुकीय समुपदेशकाकडे पाठवायला डॉक्टरांना सांगा.