काताविना कातकरी

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडाव लागते. बाहेरची माणसे इथे येतात ती बालदिगंबर गणेशासाठी. पावसाळ्याच्या तोंडावर आलात तर रस्त्याकडेला शेवळांच्या जुड्या दिसतील, पुढे कुरडू, भारंगी, एखाद्या टोपलीत वळवळणारे मुठे. विकणाऱ्या बाया बहुधा ठाकर नाहीतर कातकरी. भाव सांगतात तो मराठीत. शेजारणीकडे वळून बोलू लागल्या की भाषा बदलते. ओळखीचे शब्द मधूनच कानावर पडतात, पण वाक्य हाताला लागत नाही.

त्यांतल्या कातकरी बायांची ती बोली म्हणजे काथोडी. ती ज्यांची आहे त्यांचे नाव एका धंद्यावरून पडले, आणि तो धंदा आता त्यांच्याकडे जवळजवळ उरलेला नाही.

धंदा कात पाडण्याचा. विड्यातला तांबूस कात खैराच्या झाडातून निघतो. साल आणि बाहेरचे पांढरे लाकूड कामाचे नसते, आतला लालसर गाभा हवा. दसरा झाला की कातकरी कुटुंबे रानात मुक्काम टाकत. आधी एक खैर निवडून त्याला शेंदूर फासायचा, नारळ द्यायचा, यश मागायचे आणि मगच कुऱ्हाड लावायची. गाभ्याच्या बारीक ढलप्या पाडून त्या मडक्यांतून उकळायच्या. रस उतरला की ढलप्या काढून रस आटवत न्यायचा. आच कमी पडली तर रस बांधला जात नाही, जास्त झाली तर करपतो. घट्ट झालेल्या लगद्याच्या वड्या थापून सावलीत वाळवायच्या. हे सगळे कुटुंबाचे काम होते, पोरांसकट. कोणता खैर गाभ्याचा आणि कोणता नुसता दिसायला जाड, हे बापाने चालता चालता मुलाला सांगायचे. ते सांगणे काथोडीत व्हायचे.

इंग्रजांचा १८७८ चा जंगल कायदा आला आणि राखीव रानातला खैर सरकारी झाला. पूजा करून तोडणारा माणूस कागदावर चोर ठरला. कात गेला, मग ठेकेदारांसाठी कोळसा पाडणे आले, तेही सरले आणि वीटभट्टी आली. आज दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात आणि पावसाला परततात. चिखल, साचा, खेप, हिशेब. भट्टीवर ज्या शब्दांवाचून अडते ते सगळे मराठी किंवा हिंदी आहेत. एखाद्या बोलीतून कामच काढून घेतले की ती घरापुरती उरते, आणि घरातही मुलांना ती जड वाटू लागते.

कातकऱ्यांकडे कोणी पाहिलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ग्रिअर्सनच्या भाषा पाहणीचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात ठाकरी, वारली यांच्याबरोबर काथोडीही आहे. मुळात भिलीच्या कुळातली आणि मराठीकडे सरकत आलेली बोली, असा त्याचा साधारण कौल होता. वेलिंग यांचे कातकऱ्यांवरचे इंग्रजी पुस्तक १९३४ चे, ल. ना. चापेकरांचे सह्याद्रीतल्या ठाकरांवरचे १९६० चे. पुढे गणेश देवी यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण झाले आणि अरुण जाखडे यांनी संपादलेल्या महाराष्ट्राच्या खंडात आदिवासी बोलींना जागा मिळाली. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रित सर्वेक्षण हाती घेतले. ते कोणालाही घरबसल्या ऐकता येते.

पण अभ्यास वेगळा आणि जपणूक वेगळी. जपणुकीला दरवर्षी, न चुकता पैसा लागतो. इथे कातकरी बोली दोन दारांमध्ये अडकली आहे.

पहिले दार केंद्राचे. संकटग्रस्त भाषांच्या संरक्षणाची योजना म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेकडे २०१३ पासून आहे. तिची अट अशी की भाषा बोलणारे दहा हजारांहून कमी हवेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले कातकरी पावणेतीन लाखांहून अधिक. म्हणजे संकट नाही! डोकी मोजली, पण त्यांतली किती आपल्या पोरांशी काथोडीत बोलतात हे कोण मोजणार? दुसरे दार मराठीचे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. काथोडीला मराठीची बोली म्हणायचे आणि अभिजात मराठीच्या नावाने पैसा येईल तेव्हा ताम्रपटांपलीकडे पाहायचे नाही, हे मला पटत नाही. बोली म्हणून घरात घेतली असेल तर तिचे पानही मांडायला हवे.

मधला आधार पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचा. १९६२ ची ही संस्था. गोविंद गारे यांच्यासारखा आदिवासी समाजातूनच आलेला अभ्यासक तिचा संचालक होता. राज्य आणि केंद्र दोघांचा पैसा तिला मिळतो, तिचे संग्रहालय पाहण्यासारखे आहे. मात्र जमातीच्या दाखल्यांच्या वादांपासून योजनांच्या मूल्यमापनापर्यंत तिच्या गळ्यात इतकी कामे आहेत की बोलींच्या वाट्याला उरलेला वेळ येतो.

मोठा पैसा मात्र आला आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. अशा जमातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ ला पीएम-जनमन अभियान सुरू झाले. तरतूद २४,१०४ कोटी रुपयांची, नऊ मंत्रालये, अकरा कामे. पक्की घरे, रस्ते, नळ, वीज, अंगणवाड्या, फिरते दवाखाने, मोबाइलचे मनोरे. यातले एकही काम अनावश्यक नाही. घराखालची जमीनही ज्यांच्या नावावर नाही अशा कातकरी वाड्या रायगडात पुष्कळ आहेत, तिथे आधी छपरच हवे. पण अकरांच्या यादीत भाषा नाही. मनोरा उभा राहील, त्यावरून पोरे बोलतील कोणत्या भाषेत, हा प्रश्न कोणत्याच मंत्रालयाच्या रकान्यात बसला नाही. आदिवासी कार्य मंत्रालयाचे ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे ॲप २०२५ मध्ये आले ते संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी घेऊन.

आणखी एक गोम रायगडचीच. राज्याच्या आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा कायद्याखालच्या, म्हणजे पाचव्या अनुसूचीतल्या गावांना थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवू शकते. पण रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या पेसा गावांना जी मुभा आहे, ती कडाव-पाथरजच्या वाड्यांना नाही. सगळे पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयातून यायचे.

पैसा कसा खर्चावा याचा धडा न्यूझीलंडच्या माओरींनी १९८२ मध्ये घालून दिला. त्यांनी बालवाड्या काढल्या आणि त्यांत आजी-आजोबांना बसवले. मुले खेळता खेळता भाषा शिकली. आपल्याकडे जनमनमध्ये २,५०० अंगणवाड्या आणि साठ लाखांचे एक अशी हजार बहुउद्देशीय केंद्रे मंजूर आहेत. भिंती उभ्या राहणारच आहेत. त्यांत रोज दोन तास बसून मुलांशी काथोडीत बोलणाऱ्या एका आजीला रोजंदारी द्यायला किती लागेल? केंद्राच्या बांधकामात फरशीवर जेवढे जाते त्याहून बरेच कमी. आजीला मानधन म्हणू नये, मजुरी म्हणावी. ते काम आहे.

माणसांबरोबर त्यांचे शब्दही कसे जातात, हे खालापुरात दिसले. तिथली इर्शाळवाडी ठाकरांची. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. वाचलेल्यांना चौकजवळ घरे मिळाली. डोंगरावरच्या झऱ्यांची, वाटांची, खडकांची जी नावे त्या ८४ जणांपाशी होती, ती कुठे उतरवून ठेवलेली असती तर निदान मुलांना वाचता आली असती.

म्हणून पेणच्या प्रकल्प कार्यालयाला, पुण्याच्या संस्थेला आणि कर्जतच्या महाविद्यालयीन मुलामुलींनाही विनंती आहे. खैर ओळखणारी, पाडलेल्या काताच्या गोष्टी आपल्या आजोबांकडून ऐकलेली माणसे वाड्यांवर अजून भेटतील. त्यांच्याकडे जायचे तर जून ते दिवाळी या दिवसांत जा. दिवाळीनंतर वाडीला कुलूप असते.