खोलीचे भाडे किती वाढावे?

सावंगी (मेघे) हे वर्ध्याच्या वेशीवरचे गाव. १९९० साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि गावाला शेतीखेरीज आणखी एक पीक मिळाले, ते म्हणजे भाड्याच्या खोल्या. कुणी कर्ज काढून घरावर मजला चढवला, कुणी वावराच्या कडेला खोल्यांची रांग बांधली. परगावचे विद्यार्थी आणि दुखणाइतांचे नातलग तेथे उतरतात. मग एखाद्या दिवशी घरमालक दारात येऊन म्हणतो, "पुढल्या महिन्यापासून पाचशे रुपये जास्त द्या, नाहीतर खोली खाली करा." त्याला असे म्हणता येते काय?

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, मंडळी. आधी थोडे मागचे सांगतो. भाडेनियंत्रण आले ते युद्धकाळाच्या टंचाईतून. मुंबईत कित्येक घरांचे भाडे १९४० च्या सप्टेंबरात होते तेथेच बांधून ठेवले गेले. आपल्या विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा हुकूम होता. भाडेकरूला नोटीस द्यायची तर घरमालकाला आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. भाडेकरूला आधार मिळाला खरा. पण ज्या भाड्यात कवेलू फेरण्याचा खर्चही निघत नाही, त्या घराची डागडुजी कोण करणार? १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की, मुंबईच्या कायद्यातले गोठवलेले भाडे आता अवाजवी झाले आहे. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

या कायद्याने घरमालकाला दरसाल शेकडा ४ वाढ करण्याचा हक्क दिला. भाडे १५०० रुपये असेल तर वाढ ६० रुपयांची, पाचशेची नव्हे. (गुरुजींनी शेकडेवारीच्या तासाला हे उदाहरण जरूर घालावे, मुले घरी जाऊन बापाला विचारतील!) घरावरचे कर वाढले किंवा घरात मोठी सुधारणा केली, तर कायद्यातल्या अटींप्रमाणे निराळी वाढ मिळते. मात्र भाडेकरूला नमवण्यासाठी नळ तोडायला किंवा वीज बंद करायला मनाई आहे, आणि भाड्याची लेखी पावती दिलीच पाहिजे.

मग घरमालक काय करतात? ते अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करतात. मुदत संपली की खोली परत, आणि नव्या करारात नवे भाडे. यात गैर काही नाही. घोटाळा आहे तो एका समजुतीत. अकरा महिन्यांच्या कागदाला नोंदणी लागत नाही, असे जो तो सांगतो. पण या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंद नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नुसत्या स्टॅम्पावर सह्या घेऊन निश्चिंत बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

गावच्या दृष्टीने मोठी गोष्ट तर पुढेच आहे. हा कायदा राज्यात सरसकट लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत जी क्षेत्रे दिली आहेत, तेथेच तो चालतो. आपले गाव त्यात आहे की नाही, हे वकिलाकडून आधी पाहून घ्या. नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो, आणि त्यात शेकडा चारची मर्यादा नाही. ठरलेले भाडे मालकाला एकट्याच्या मर्जीने वाढवता येत नाही, हे तेथेही खरे. पण वेगळा करार नसेल तर महिनेवारीचे भाडे तो १५ दिवसांच्या नोटिशीने संपवू शकतो. भाडेकरू उठला नाही तर ताबा कोर्टातूनच घ्यावा लागतो, हे निराळे. तरी परीक्षा तोंडावर आलेल्या पोराने त्या १५ दिवसांत अभ्यास करावा की खोली शोधावी?

२०२१ साली केंद्राने मंजूर केलेल्या नमुना कायद्यात वाढीपूर्वी तीन महिने लेखी सूचना सांगितली आहे. पण तो नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो कुणाला बांधत नाही. तेव्हा वर्तमानपत्राचे कात्रण पुढे करून भांडू नये.

त्यापेक्षा खोली देता-घेतानाच वाढीची अट कागदावर आणावी. भाडे किती, कोणत्या महिन्यापासून किती वाढेल, डिपॉझिट केव्हा परत, विजेचे बिल कुणी भरायचे, हे सारे त्यात असावे. परीक्षा होईपर्यंत वाढ नाही असे दोघांना कबूल असेल तर तीही एक ओळ घालावी, आणि कागदाची एक प्रत मुलाच्या घरी गावाला पाठवून द्यावी.