गुलाबापासून आंब्यापर्यंत : शिकलेले कुठवर पोचते?

एका ठिकाणी, एका कामासाठी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या कामात उपयोगी पडणे याला शैक्षणिक मानसशास्त्रात ‘अध्ययन संक्रमण’ म्हणतात, आणि शालेय शिक्षणाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. पाठ्यपुस्तकातले गणित जसेच्या तसे पुढे कोणाच्याही वाट्याला येत नाही. तरीही ते सोडवता सोडवता मुलाला हिशेबाची, विचाराची काही ताकद येईल आणि ती शाळेबाहेर कामी येईल, या भरवशावर आईवडील मुलांना शाळेत घालतात. हा भरवसा कितपत खरा ठरतो याची तपासणी सव्वाशे वर्षे चालू आहे. ती समजून घेण्यासाठी लखनौपासून सुमारे २५ किलोमीटरवरचे मलिहाबाद हे ठिकाण विशेष सोयीचे आहे, कारण आंब्याची कलमे बांधण्याची तिथली विद्या मुख्यतः शाळेबाहेर, बागेत आणि रोपवाटिकेत, एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे गेलेली आहे.

मलिहाबादची ओळख म्हणजे दशहरी आंबा. त्याला हे नाव काकोरीजवळच्या दशहरी गावावरून मिळाले, तिथे या जातीचे मूळ झाड आजही दाखवले जाते, आणि ‘मलिहाबादी दशहरी’ला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोकणच्या हापूसप्रमाणेच दशहरीच्या कोयीतही एकच गर्भ असतो व तो परागीभवनातून तयार झालेला असतो. त्यामुळे उत्तम दशहरी खाऊन त्याची कोय पुरली तर उगवणारे झाड दशहरीच्याच गुणाचे निघेल याची खात्री देता येत नाही. असे कोयीपासून आलेले झाड तिकडे तुख्मी आणि कोकणात रायवळ म्हणून ओळखले जाते. हवी ती जात टिकवायची तर कलम बांधण्यावाचून गत्यंतर नसते.

हे काम जवळून पाहण्यासारखे असते. खुंट म्हणून वाढवलेले रायवळ रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की चांगल्या झाडावरची तीन-चार महिन्यांची काडी निवडली जाते, आणि ती कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून काढून टाकली जातात, म्हणजे टोकाचा डोळा फुगून येतो. मग धारदार चाकूने खुंटावर व काडीवर एकमेकांना जुळतील असे तिरके काप घेऊन दोन्ही अशा बेताने बसवतात, की साल आणि लाकूड यांच्यामधला पातळ, ओलसर, जिवंत थर निदान एका बाजूने तरी थराला भिडावा. त्यावर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट आवळली जाते. काप खडबडीत झाला, काडी सुकली किंवा पट्टी सैल राहिली तर कलम धरत नाही. मुरलेला कलमकार हे सारे काही क्षणांत उरकतो, आणि चाकू नेमका किती कलता धरला असे विचारले तर त्याला बहुधा शब्दांत सांगता येत नाही.

ही विद्या कुठवर पोचते? दशहरीचे कलम बांधणारा माणूस लंगडा किंवा चौसा बांधताना अडत नाही, आणि आंब्यावर पाचर कलम शिकलेला पेरूवरही ते थोड्या सरावाने बांधू लागतो. मूळ कामाशी मिळतेजुळते काम असले म्हणजे होणाऱ्या या संक्रमणाला ‘नजीकचे संक्रमण’ म्हणतात, आणि ते होते याबद्दल अभ्यासकांत वाद नाही. वाद आहे तो ‘दूरच्या संक्रमणा’विषयी, म्हणजे वरवर काहीच साम्य नसलेल्या क्षेत्रात शिकलेले कामी येण्याविषयी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोप-अमेरिकेत असे मानले जाई की स्मरण, अवधान, तर्क या मनाच्या वेगवेगळ्या शक्ती आहेत, त्या कठीण विषयांच्या व्यायामाने बळकट होतात आणि एकदा बळकट झाल्या की कुठेही वापरता येतात. लॅटिन व भूमिती या विषयांना तिथल्या शाळांत मानाचे पान मिळाले ते बऱ्याच अंशी या समजुतीमुळे. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०१ साली ती प्रयोगाच्या कसोटीला लावली. आयतांचे क्षेत्रफळ नुसत्या नजरेने अजमावण्याचा भरपूर सराव दिल्यावर माणसे त्या आकारांत तरबेज झाली, पण आकार किंवा आकारमान बदलताच ती कमाई बरीचशी ओसरली. दोन कामांत जेवढे घटक समान तेवढेच संक्रमण, असा ‘समान घटकांचा सिद्धान्त’ थॉर्नडाइकने त्यावरून मांडला, आणि १९२४ साली आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची तपासणी करून त्याने दाखवले की अमुक एका विषयाने बुद्धीला सर्वसाधारण धार येते या म्हणण्याला फारसा आधार नाही. गणिताने डोके तल्लख होते, संस्कृतने बुद्धी घासून निघते, ही आपल्याकडची वाक्ये याच जुन्या समजुतीची भावंडे आहेत. त्या विषयांचे खरे मोल वेगळे आणि मोठे आहे, त्यासाठी या लंगड्या समर्थनाची गरज नाही.

मात्र थॉर्नडाइकने चित्राची एकच बाजू दाखवली होती. चार्ल्स जड याने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना पाण्याखालच्या लक्ष्यावर नेम धरायला लावले. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो आणि म्हणून वस्तू असते तिथे दिसत नाही, हे तत्त्व एका गटाला आधी समजावले होते, दुसऱ्याला नव्हते. लक्ष्य बारा इंच खोल असताना दोन्ही गट सारखेच चाचपडले आणि सारखेच शिकले, म्हणजे तत्त्व माहीत असल्याचा तोवर काही फायदा दिसला नाही. पण लक्ष्य चार इंचांवर आणताच तत्त्व न शिकलेली मुले गोंधळली, आणि शिकलेल्या मुलांनी नव्या खोलीशी चटकन जुळवून घेतले. सरावामागचे तत्त्व हाती लागले तर परिस्थिती बदलली तरी शिकलेले टिकते, या विचाराला ‘सामान्यीकरणाचा सिद्धान्त’ म्हणतात. तत्त्व आणि सराव हे दोन्ही या प्रयोगात एकमेकांना लागले होते, ही त्यातली फार महत्त्वाची आणि बहुतेक वेळा विसरली जाणारी गोष्ट आहे.

तत्त्व हाती लागल्याचे एक ठसठशीत उदाहरण मलिहाबादेतच आहे. हाजी कलीमुल्लाह खान यांची शाळा सातवीतच सुटली आणि ते घरच्या बागेत कामाला लागले. त्यांनी सांगितल्यानुसार, तरुणपणी मित्राच्या बागेत गुलाबाच्या एकाच झाडावर निरनिराळ्या रंगांची फुले पाहून त्यांच्या मनात आले, की गुलाबाला जे साधते ते आंब्याला का साधू नये. १९५७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी एका झाडावर सात जातींची कलमे बांधली. ते झाड पुढे पुराच्या पाण्याने गेले. १९८७पासून त्यांनी एका जुन्या, शंभरी ओलांडलेल्या झाडावर हाच उद्योग पुन्हा आरंभला, त्यावर तीनशेहून अधिक जाती वाढवल्या, आणि २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

गुलाब आणि आंबा यांच्यात काय समान आहे? झाडे वेगळी, कुळे वेगळी, डोळा भरण्याची रीत व हंगाम वेगळे, आणि एकाचे कलम दुसऱ्यावर तर कधीच धरणार नाही. समान होते ते एक नाते : एका मुळावर, एका खोडावर, जवळच्या रक्ताच्या अनेक फांद्या आपापला स्वभाव राखून वाढू शकतात. गॅव्हरिएल सालोमन आणि डेव्हिड पर्किन्स या अभ्यासकांनी संक्रमणाचे दोन रस्ते सांगितले आहेत. भरपूर आणि विविध सरावाने कौशल्य अंगवळणी पडून मिळत्याजुळत्या प्रसंगी आपोआप धावून येते, हा खालचा रस्ता. एका अनुभवातले तत्त्व जाणीवपूर्वक वेगळे काढून ते दुसरीकडे लावून पाहणे, हा वरचा. दशहरीवरून लंगड्यावर जाणारा हात पहिल्या रस्त्याने जातो, गुलाबावरून आंब्यावर गेलेला विचार दुसऱ्या. पण तो विचार प्रत्यक्षात उतरला तो मात्र पहिल्या रस्त्याने कमावलेल्या हातामुळेच, हे विसरून चालणार नाही.

हा वरचा रस्ता किती अवघड आहे हे मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० साली दाखवून दिले. पोटातल्या गाठीवर किरणांचा मारा करायचा, पण किरण तीव्र असले तर वाटेतले निरोगी मांस जळते आणि मंद असले तर गाठ जात नाही, असा प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवला. अनेक दिशांनी मंद किरण सोडून ते गाठीपाशी एकत्र आणावेत, हे त्याचे उत्तर. त्याआधी त्यांना एका सेनापतीची गोष्ट दिलेली होती, ज्याने सैन्याच्या लहान तुकड्या करून त्या वेगवेगळ्या वाटांनी किल्ल्यावर एकदम आणल्या. गोष्ट न वाचता हे उत्तर दहापैकी एखाद्यालाच सुचत असे. गोष्ट वाचूनही आपण होऊन ते सुचणारे दहापैकी तीनच्या आसपास होते, आणि ‘त्या गोष्टीचा इथे उपयोग करा’ एवढे सांगताच तो आकडा तीन-चतुर्थांशांवर गेला. म्हणजे ज्ञान डोक्यात होते, पण ते इथे लागू पडते हे ओळखता आले नव्हते. १९८३ साली याच दोघांनी दाखवले की एकाऐवजी दोन वेगळ्या गोष्टी देऊन त्यांची तुलना करायला लावली, तर ही ओळख पटण्याचे प्रमाण वाढते.

शिकलेले आडवेही येते, आणि त्याला ‘प्रतिकूल संक्रमण’ म्हणतात. गहू पेरला की गहूच येतो, चांगले बियाणे चांगले पीक देते, हा शेतकऱ्याचा पक्का अनुभव आंब्याच्या कोयीला लावला तर फसगत होते. कोकणातल्या दमट पावसाळ्यात साधणारे कोय कलम लखनौकडच्या कोरड्या हवेत त्याच वेळापत्रकाने करायला गेले तर तसे यश येत नाही. काकोरीजवळ रहमानखेडा येथे १९७२ साली सुरू झालेल्या आंबा संशोधन केंद्राची आज केंद्रीय उपोष्ण फलोद्यान संस्था झाली आहे. जुन्या, दाट, उत्पन्न घटलेल्या बागांतल्या झाडांच्या फांद्या हिवाळ्यात भरपूर छाटून त्यांना नवी पालवी आणण्याची पद्धत तिने बागवानांपुढे ठेवली. फांदी गेली की तिच्यावरचे फळ गेले, हे बागवानाचे शिकलेले सत्य आहे, आणि छाटणीनंतर काही हंगाम उत्पन्न खरोखरच बुडते. उन्हाची तिरीप आत शिरल्याशिवाय आतल्या फांद्या मोहरत नाहीत हे तत्त्व छाटलेल्या आणि न छाटलेल्या झाडांच्या शेजारी उभे राहून कोणी समजावले, तरच ते जुने सत्य मागे सरू शकते. नुसत्या पत्रकाने नाही.

शाळेच्या बाबतीत सर्वांत बोचणारा पुरावा अलीकडचा आणि आपल्याच देशातला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ही मुले अवघड हिशेब तोंडी, अचूक करत होती. पण तितकीच किंवा त्याहून सोपी उदाहरणे शाळेच्या पद्धतीने, नुसत्या आकड्यांत, समोर ठेवल्यावर त्यांना ती सुटेनात. जवळच्या शाळांतल्या, विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांचे नेमके उलटे झाले. कागदावरची सोपी उदाहरणे त्यांना तुलनेने बरी जमली, पण बाजारातला जो हिशेब काम करणाऱ्या एक-तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडवला, तो शाळकरी मुलांपैकी अवघ्या एक टक्क्याला सुटला. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नूनेस आणि सहकाऱ्यांना १९८५ साली असेच आढळले होते : रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचे धंद्यातले ९८ टक्के हिशेब बरोबर आले, तेच निव्वळ आकड्यांत मांडल्यावर ३७ टक्के. दोन्हीकडे मुले हुशार आहेत, दोन्हीकडे ज्ञान आहे, आणि दोहोंच्या मधे पूल बांधण्याची जबाबदारी कोणीच घेतलेली नाही. हा दोष मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

हा पूल बांधण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्राच्या भूमीवर झाला होता. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या आधारे शिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. हीच नई तालीम. तिचा गाभा होता समवाय, म्हणजे उद्योग आणि विषय यांची एकमेकांत गुंफण : सूत कातता कातता त्याच्या लांबीचे, वजनाचे, मजुरीचे गणित शिकायचे, कापसातून शेती आणि भूगोलाकडे जायचे. चाते फिरवणारा हात आपोआप गणिती होत नाही, हे तिच्या आखणाऱ्यांना माहीत होते, म्हणूनच समवाय साधणाऱ्या शिक्षकाच्या तयारीवर त्यांनी भर दिला. जिथे ती तयारी कमी पडली तिथे उद्योग एकीकडे आणि विषय एकीकडे राहणार हे उघड होते.

आज हे काम एखाद्या साध्या उदाहरणापासूनही सुरू करता येईल. समजा, आंब्याच्या हंगामात मलिहाबादच्या रस्त्याकडेला गिऱ्हाइकाने ६० रुपये किलोचा दशहरी ८०० ग्रॅम आणि ५० रुपये किलोचा लंगडा १ किलो ४०० ग्रॅम घेतला व २०० रुपयांची नोट दिली. विकणारे मूल साठातून पाचवा हिस्सा, म्हणजे बारा, वजा करून अठ्ठेचाळीस म्हणेल. पन्नासात वीस मिळवून सत्तर म्हणेल. एकूण एकशे अठरा, परत ब्याऐंशी. फळ्यावर हेच ०.८ गुणिले ६० आणि १.४ गुणिले ५० असे उभे राहते. शिक्षकाने दोन्ही रीती शेजारी शेजारी लिहाव्यात, पाचवा हिस्सा वजा करणे आणि ०.८ने गुणणे एकच कसे हे मुलांकडूनच काढून घ्यावे, मग तेच नाते कापडाच्या मीटरला, दुधाच्या लिटरला आणि शेवटी निव्वळ अपूर्णांकाला लावून पाहायला सांगावे. आणि परीक्षेत वर्गात कधीच न आलेला एक प्रश्न ठेवावा, ज्याच्या उत्तरपत्रिकेत आकड्यापेक्षा, हे आधीच्या कशासारखे वाटले आणि का, या मुलाच्या दोन ओळींना जास्त गुण असतील.