जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

घरांत आलेली वस्तु अगदीं निकामी होईपर्यंत वापरावी, हा आपल्या कुटुंबांतील जुना परिपाठ. पितळेच्या भांड्यांस कल्हई होते, घड्याळाची दुरुस्ती होते. संगणकाच्या बाबतींत मात्र 'जुना झाला, टाकून द्या' हा निकाल आपण फार लवकर देतों. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं 'विंडोज १०' ह्या प्रणालीस मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा नेहमीचा मोफत आधार संपला, तेव्हांपासून तर पुष्कळ घरीं हा प्रश्न उभा राहिला आहे.

तो सोडविण्यापूर्वीं यंत्र आणि प्रणाली यांतील भेद ध्यानांत घ्यावा. यंत्र म्हणजे वाडा, आणि 'ऑपरेटिंग सिस्टिम' म्हणजे त्या वाड्याचा कारभारी. मेमरी कोणास किती द्यावी, दाबलेलें अक्षर कोठें पोहोंचवावें, कागद छपाईस केव्हां पाठवावा, हें सर्व तोच पाहतो. कारभारी निवृत्त झाला म्हणून वाडा पडत नाहीं. मात्र वाढीव मुदत घेतली नसेल, तर चोरांनीं शोधलेल्या नव्या वाटा बुजविणारा कोणी उरत नाहीं. म्हणून अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणें शहाणपणाचें नव्हे.

मग नवा कारभारी कोणता नेमावा? 'विंडोज ११' ला निदान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठा आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोय लागते. शिवाय २०१७ पूर्वींच्या बहुतेक यंत्रांचे प्रोसेसर तिच्या मान्य यादींत नाहींत. अशा यंत्रांस लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांत शिकत असतांना लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं त्याचा गाभा रचिला व तो सर्वांस खुला केला. त्यावर उभारलेली 'लिनक्स मिंट' ही प्रणाली विनामूल्य असून २ जीबी मेमरीवर चालते. ४ जीबी असल्यास सुखानें चालते. यंत्र फारच मंद असेल, तर फिरत्या तबकडीच्या जागीं एसएसडी बसविल्यास त्याचा वेग स्पष्ट वाढतो.

हिचा मोठा गुण असा कीं, ती पेन ड्राइव्हवरून आधीं चालवून पाहतां येते. तोंपर्यंत मूळ प्रणालीस धक्का लागत नाहीं. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टंकलेखन हें सर्व त्या वेळींच तपासावें. हिशेबाचें एखादें सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सहीचें साधन केवळ विंडोजवरच चालणारें असेल, तर तेंही आधींच विचारून घ्यावें.

परंतु खरी काळजी पुढेंच आहे. सगळी डिस्क पुसण्याची आज्ञा दिली, कीं मौंजीचीं छायाचित्रें, आजोबांनीं लिहविलेलीं कुलवृत्तान्ताचीं टिपणें, मिळकतीचे कागद, सर्व कांहीं नाहींसें होतें. यंत्र बाजारांत पुन्हा मिळतें, हीं मिळत नाहींत. म्हणून प्रत्येकाच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं काढाव्या, आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. युनिकोडपूर्व काळांतील मराठी मजकूर ज्या फॉण्टांत असेल तो फॉण्टही बरोबर जपावा. नाहीं तर अक्षरें असूनही तीं वाचतां येत नाहींत. ब्राउझरमध्यें साठविलेले पासवर्डही वहींत उतरून घ्यावे.

बसविण्याचें काम घरांतील तरुण मंडळींनीं खुशाल करावें. मात्र प्रती काढल्या कीं नाहीं, हें वडीलधाऱ्यांनीं स्वतः पाहावें, आणि मगच हुकूम द्यावा.