फिरत्या फरशांचे कोडे

गणिताच्या तासाला मुलाने बरोबर उत्तर दिले की आपण समाधान पावतो. परंतु ‘हे कशावरून?’ असे विचारताच पुष्कळ मुले खाली पाहू लागतात. उत्तर असते, कारण नसते. अंदाजपंचे मिळालेले उत्तर आणि विचाराने मिळालेले उत्तर यांतील भेद मुलाच्या मनात रुजविण्यास पाठ्यपुस्तकातील उदाहरणे नेहमीच पुरी पडतात असे नाही. त्या कामी एका खेळाची ओळख शिक्षक बंधुभगिनींस येथे करून द्यावयाची आहे.

सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रामकाराने छोट्या कोड्यांचा एक संग्रह तयार करून तो सर्वांस विनामूल्य खुला ठेवला आहे. संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो तसाच खेळता येतो. अँड्रॉइड फोनवर एकदा उतरवून घेतला की पुढे इंटरनेट लागत नाही, ही गोष्ट आपल्याकडील शाळांच्या दृष्टीने मोलाची आहे. त्या संग्रहातील ‘नेट’ नावाचे कोडे प्रस्तुत लेखाचा विषय होय.

चौकटीत चौरस फरशा मांडलेल्या असतात व प्रत्येकीवर नळीचा एक तुकडा काढलेला असतो. फरशी जागच्या जागी फिरवता येते. उचलून दुसरीकडे नेता येत नाही. सर्व तुकडे मिळून एकच सलग जाळे व्हावे, कोठेही तोंड उघडे राहू नये, आणि नळी फिरून स्वतःलाच मिळून वेढा होऊ नये, एवढेच नियम. तुकड्यांचे चार प्रकार आपल्या जिल्ह्यातील मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. ज्यांच्या घरी ठिबक आहे ती मुले एल्बो, टी आणि एंड कॅप हे शब्द आपल्याआधी उच्चारतात! आपण त्यांस वळण, तिठा, टोक आणि सरळ अशी नावे देऊ.

पडद्यावर एक मोह असतो, तो आधीच सांगितला पाहिजे. मधल्या उगमाशी जोडल्या गेलेल्या नळ्यांचा रंग पालटतो. त्यामुळे मूल विचार न करता फरशा फिरवीत सुटते आणि रंग आला की थांबते. प्रस्तुत लेखकाने पहिल्या दिवशी स्वतः हेच केले व पाऊण तासात काहीएक शिकला नाही. म्हणून आरंभ पुठ्ठ्यावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुठ्ठा रंग बदलून दाखवीत नाही. बरोबर की चूक हे मुलालाच ठरवावे लागते.

जुन्या लग्नपत्रिकांतून आठ-आठ सेंटिमीटरचे 9 चौरस कापावेत. फरशीवर खडूने तीन बाय तीनची चौकट आखावी. पहिल्या रांगेत डावीकडून वळण, वळण, टोक. दुसरीत सरळ, वळण, तिठा. तिसरीत टोक, टोक, वळण. सर्व वेडेवाकडे फिरवून ठेवावे.

आता अंदाजाने सोडवू म्हटले तर काय होईल? सरळ तुकडा दोन रीतींनी बसतो, उरलेले आठ प्रत्येकी चार रीतींनी. एकूण मांडण्या 1,31,072 होतात. त्यांतील एकच बरोबर. हा गुणाकार वरच्या वर्गातील मुलांकडून फळ्यावर अवश्य करून घ्यावा.

विचाराने मात्र वाट लगेच सापडते. चौकटीबाहेर नळी जाऊ शकत नाही. म्हणून वरच्या डाव्या कोपऱ्यातील वळण उजवीकडे व खालीच वळेल; खालच्या उजव्या कोपऱ्यातील वर व डावीकडे. डाव्या कडेचा सरळ तुकडा उभाच राहील, कारण आडवा ठेवल्यास त्याचे एक तोंड बाहेर जाते. उजव्या कडेच्या तिठ्याची सपाट बाजू बाहेर येईल. चार फरशा पक्क्या झाल्या आणि एकही अंदाज करावा लागला नाही. आता शेजाऱ्यांकडे पाहावे. तिठ्याचे एक तोंड वर आहे, म्हणून वरच्या टोकाने खाली पाहिले पाहिजे. सरळ तुकड्याखालच्या टोकाने वर, आणि तळाच्या मधल्या टोकाने उजवीकडे. वरच्या रांगेतील मधले वळण डावीकडे व खाली. मग मध्यभागीच्या वळणास वर व उजवीकडे एवढीच दिशा उरते.

तळाशी दोन टोके शेजारी आहेत. एखादे मूल ती समोरासमोर जुळवील. त्यास चूक म्हणून थांबवू नये; ‘या दोघांना पाणी कोठून येणार?’ एवढेच विचारावे. दोन टोके एकमेकांस मिळाली की त्यांचे निराळेच बेट होते, हे त्याचे त्यालाच उमगते.

प्रत्येक फरशी पक्की करताना मुलाने ‘कारण’ म्हणून एक पूर्ण वाक्य बोलावे, हा नियम कसोशीने पाळावा. कारण न सांगता फिरवलेली फरशी परत फिरवावी. वेग मुळीच पाहू नये. अन्यथा चलाख मूल सारे आटोपते आणि मागे बसणारे पुन्हा मागेच राहते.

स्वतः नवे कोडे रचताना आधी उत्तर काढावे, मग फरशा फिरवाव्यात. नऊ फरशा वेढ्याशिवाय जोडण्यास आठ सांधे लागतात व प्रत्येक सांध्यास दोन तोंडे. म्हणून तोंडांची बेरीज 16 आलीच पाहिजे. वरील उदाहरणात वळणांची 8, सरळची 2, तिठ्याची 3 व टोकांची 3. पाच बाय पाचच्या कोड्यात ती 48 होईल. बेरीज चुकली तर कोडे सुटणारच नाही. बरोबर आली तरी सुटेलच असे मात्र नाही.

अशा खेळांत वेळ दवडणे शिक्षकास शोभते काय, अशी शंका कोणी घेईल. देवळाली येथे 1930 ते 1962 पर्यंत शाळाशिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर अंकांशी असेच खेळत राहिले, आणि 6174 ही संख्या आज त्यांच्या नावाने जगभर ओळखली जाते.

पुठ्ठ्यावर हात बसला की फोन काढावा. पडद्यावर फरशी कुलूपबंद करण्याची सोय आहे. कारण सांगितल्यावरच कुलूप लावू द्यावे. एका फोनभोवती चार मुले बसवावीत, त्यांपैकी एकाने फिरवावे व कारण दुसऱ्याने सांगावे. कडा परस्परांस जोडलेला प्रकार तूर्त टाळावा. त्यात डावीकडून बाहेर गेलेली नळी उजवीकडून आत येते, त्यामुळे कडेचा आधारच नाहीसा होतो. तो शिक्षकांनी रात्री निवांतपणे स्वतः सोडवून पाहावा.